सासूबाईंची कवळी

जगातली कोणतीही मोडकी वस्तू टाकून देण्याच्या लायकीची नसते, त्या लायकीची असतात ती फक्त माणसं, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं, आणि त्या मतानं त्या आयुष्यभर चालल्या. त्यांच्या घरात बिनजोडाची वस्तू मला कधी दिसली नाही. घागरीला डांबराचा लेप, सुपाला बांबूच्या कांबीचे टाके, चष्म्याच्या एका दांडीच्या जागी सुतळी, आणि खाटेच्या एका पायाच्या जागी कधीकाळी नांगराचा भाग असलेलं एक वाकडं लाकूड. माणसांच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा. दीर एकदा बांधावरून वाकडं बोलला, त्याला टाकला. एका शेजारणीनं विरजणाची वाटी परत करायला उशीर लावला, तिला टाकली. मी कुरखेड्याला बदलून गेलो तेव्हा निम्म्या गावाशी त्यांचा अबोला होता आणि उरलेल्या निम्म्या गावाशी भांडण चालू होतं. अबोल्यातल्या एखाद्या माणसाला त्यांनी रस्त्यात गाठून शिव्या दिल्या की त्या घरी आनंद होई. बाई पुन्हा बोलायला लागल्या, असं ते लोक मानत.

पन्नास सालानंतरच्या चार-दोन वर्षांतली ही गोष्ट. मी रस्ते-पुलांच्या खात्यात ओव्हरशिअर होतो. माहेर माझ्या बायकोचं त्याच गावात, आणि आम्हाला भाड्याचं घर मिळालं तेही सासूबाईंच्या कुडाला लागून. मी वरोऱ्याचा, कापसाच्या मुलखातला. भाताच्या बांधीत पाय घातला की माझी चप्पल आत राहायची, एवढ्यावरून माझी लायकी त्यांनी ठरवून टाकली होती. तरी मी जावई होतो. त्यामुळे माझ्यासमोर त्या पदर नाकापर्यंत ओढून बसत आणि पदराआडूनच माझ्यावर टीका करत. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये हा त्यांचा नेम होता. म्हणून रोज सकाळी त्या स्वतःच्या घरचा पाण्याचा तांब्या घेऊन आमच्याकडे यायच्या, आमच्या ओट्यावर बसून स्वतःचं पाणी प्यायच्या आणि आमच्या घरात काय काय चुकतं ते मोजायच्या. त्या वर्षी गावाबाहेरच्या नाल्यावर मी बांधलेली मोरी पहिल्याच पुरात वाहून गेली. दुसऱ्या दिवशी पदराआडून आवाज आला, "पोरी, तुह्या नवऱ्याले विचार, पान्यात बांधली होती का पान्यावर?"

या बाईला कवळी होती, आणि तीही त्या काळात, त्या गावात! पाटलाकडेही नव्हती. दात त्यांचे मिस्रीनं आणि कष्टानं चाळिशीतच गेले होते आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. वाटलं ते त्यांच्या मुलाला. एकुलता एक मुलगा. नवरा वारला तेव्हा तो जेमतेम तीन वर्षांचा होता आणि माझी बायको पाळण्यात. दुसऱ्यांच्या शेतात भाताच्या रोवण्याला जाऊन, कापणीला जाऊन, त्या बाईनं त्याला आधी चांद्याला आणि मग नागपूरला शिकवलं. तो शिकला, नागपूरलाच मोठ्या कचेरीत लागला आणि त्याचं लग्न तिथल्याच एका प्रतिष्ठित घरात ठरलं. लग्नाच्या आधी तो आईला नागपूरला घेऊन गेला, उरलेसुरले खुंट काढवले आणि वरची-खालची कवळी करून दिली. गडद तपकिरी रबराची पाटी आणि तिच्यावर पांढरेशुभ्र दात. सासूबाई परत आल्या तेव्हा माझ्या बायकोनं दार उघडून त्यांना "कोन पाह्यजे?" असं विचारलं होतं. त्या दातांचा त्यांना कोण अभिमान! माझ्यासमोरचा नाकापर्यंतचा पदर तेव्हापासून कपाळापर्यंत वर गेला. जावयाची मर्यादा पाळायची तर मुलानं दिलेले दात झाकतात, ही त्यांची अडचण होती. "माह्या पोरानं देल्ले," असं त्या भाजीवालीलाही सांगत, आणि मग ते दात दाखवून तिच्याशी भांडत.

लग्नात त्या शोभून दिसल्या. सगळे म्हणाले, मुलाची आई किती हसतमुख! लग्नानंतर मुलानं सांगितलं, घर जरा लागलं की तुला बोलावतो. घर लागायला फार दिवस लागले. त्या वाट पाहत राहिल्या, आणि एका सकाळी तलावाच्या काठी दगडावर बसून दात धुताना वरची कवळी हातातून सटकली आणि मधोमध तिचे दोन तुकडे झाले.

मला हे आधी कळलं नाही. मला एवढंच दिसलं की पदर पुन्हा नाकापर्यंत उतरला आहे आणि आमच्या घरात काय चुकतं ते मोजणं बंद झालं आहे. माझ्या हातून मोठा गुन्हा घडला असणार अशी माझी खात्री झाली. मग एके दिवशी मी पुलाचा नकाशा काढत बसलो असताना त्यांनी पळसाच्या पानाची पुडी माझ्यासमोर ठेवली. आत त्या दोन फाका.

"जवाईबापू, तुमी पूल जोडता. हे जोडा."

"मामी, हे माझं काम नाही," मी म्हणालो; सासूला आमच्याकडे मामी म्हणतात. "नागपूरला पाठवू. तुमच्या मुलाला कळवू."

"त्याले नाई कळवाचं," त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की पदर उडाला. "त्यानं देल्ली वस्तू मी फोडली असं मी त्याले सांगू? तुमी तं शिकले ना जी थे, कायची ताकद किती म्हून?"

ओव्हरशिअरीच्या शाळेत आम्हाला 'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स' नावाचा विषय होता, हे मी कधीतरी फुशारकीनं सांगून बसलो होतो. कोणता पदार्थ किती ताण सोसतो, किती दाब सोसतो, कुठं वाकतो आणि कुठं तुटतो, याचं ते शास्त्र. त्या शास्त्रात लोखंड होतं, लाकूड होतं, वीट होती. सासूबाईंचा जबडा नव्हता. मी अनुभवानं सांगतो, लोखंडी तुळईवर येणारा भार काढणं सोपं आहे.

पहिला उपाय त्यांचाच होता, लाखेचा. बांगड्यांवाल्याकडून लाख आणली, तापवून भरली, तुकडे जुळवले. जोड इतका सुबक बसला की मलाच हेवा वाटला. खुशीत त्या कवळी लावून निघाल्या आणि वाटेत त्यांना ती विरजणवाली शेजारीण भेटली. भांडण रंगात आलं. त्याआधी घरून त्यांनी कढत चहा घेतला होता. लाख मऊ झाली, आणि नेमक्या "तुह्या सात पिढ्या" या शब्दांवर कवळीचे दोन्ही भाग दार लोटून घ्यावं तसे जिभेवर मिटले. पुढच्या पिढ्यांचं काय व्हायचं ते राहूनच गेलं. शेजारीण घाबरून पाणी घेऊन धावली. सासूबाईंनी ते पाणी घेतलं नाही, पण त्या दिवसापासून तिला टाकलेल्यांतून काढून भांडणातल्यांत घेतलं.

नंतर सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन झालं. ते धरायचं, पण वरणाला, भाताला, चहाला, सगळ्याला ट्यूबची चव यायची. धावड्याच्या डिंकानं दोन घास तग धरला. सुतारानं सरस दिला, तो खरोखर चिवट होता. दोन दिवस त्यांनी फुटाणे फोडून दाखवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला सहज विचारलं, सरस कशाचा करतात? मी सहज सांगितलं, जनावरांच्या हाडांचा आणि खुरांचा. त्यानंतर त्यांनी तलावात ज्या बुड्या मारल्या, त्या काठावरचे ढिवर जाळं टाकायचं थांबवून पाहत राहिले. शेवटी त्या माझ्या साइटवरच आल्या. पोत्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "थे काऊन नाई लावत? तुमचं सिमेट?" मी पुष्कळ समजावलं. सिमेंट दाब सोसतं, ताण सोसत नाही. टाळूच्या पाटीवर चावताना ताण येतो. त्या म्हणाल्या, "तुमचं तुमाले भेव असन तं तसं सांगा." मी चिमूटभर सिमेंट कालवून दिलं. दुसऱ्या दिवशी तोंडातून राखुंडी थुंकावी तसं ते थुंकत त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. "आता समजलं मले, तुमची मोरी काऊन वाहून गेली थे."

हे सगळं चाललं असताना आम्ही हसत होतो. माझी बायको पदर तोंडात कोंबून आत पळायची. पण एकदा मी तिला म्हटलं, तुझी आई चार दिवस बिनदातांची राहिली तर काय बिघडलं, पूर्वी राहत होतीच की. ती हसता हसता थांबली. म्हणाली, "दादा बलावन अन दात नसन तं? बिनदाताची माय थो नेनार नाई, हे मायले समजते." मी पुन्हा त्या विषयावर हसलो नाही. खरं म्हणजे हसलो, पण पहिल्यासारखा नाही.

बोलावणं आलं. मुलाला मुलगा झाला होता, बारशाला सगळ्यांनी या, असा नागपूरहून येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर निरोप आला. सासूबाईंनी निरोप आणणाऱ्याला घरात बसवून दूध दिलं; तो टाकलेल्यांपैकी होता. मग त्या आमच्याकडे आल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली होता. "जवाईबापू, येक डाव पक्का जोड करून द्या. मंग नाई मांगत."

आधी मी गावातल्या सोनाराला गाठलं. त्यानं दोन्ही तुकड्यांना बारीक भोकं पाडून चांदीची तार ओवली आणि पिळली. तुकडे धरले गेले, पण मध्ये फट राहिली आणि तिच्यातून स म्हणताना शीळ वाजे. मग ती कवळी घेऊन मी वरोऱ्याला गेलो. तिथं बाजाराच्या दिवशी नागपूरहून एक दातवाला येऊन बसायचा. त्याच्याकडे नव्यानं निघालेला गुलाबी मसाला होता. पुडीतली भुकटी उग्र वासाच्या पाण्यात कालवून तो लावायचा. तो म्हणाला, हा मसाला या जुन्या रबराला मुळीच चिकटत नाही, पण तार आहे, भोकं आहेत, त्यांत अडकून बसेल. तार ठेवून त्यानं वरून मसाला भरला, घासला, चकचकीत केला. तपकिरी पाटीच्या मधोमध गुलाबी पट्टा. देताना त्यानं बजावलं, "म्हातारीले सांगा, बोलाचं कमी, चावाचं कमी."

मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मंग दात कायले?" पण त्यांनी ऐकलं. फुटाणे बंद केले. बारशाला जाईपर्यंत गावात त्या कोणाशी मोठ्यानं बोलल्या नाहीत. लोक मला वाटेत अडवून विचारत, बाईची तब्येत बरी आहे ना?

नागपूरला आम्ही सकाळीच पोहोचलो. मुलगा दारात आला, वाकून नमस्कार केला, आणि प्रवास कसा झाला हे विचारण्याआधी आईच्या तोंडाकडे निरखून म्हणाला, "दात नीट आहेत ना, आई?" गावाकडे तो तिला माय म्हणायचा. सासूबाईंनी ओठ उघडून दात दाखवले. तो निश्चिंत झाला. "छान. आता असं कर, आज फार बोलू नकोस. तुझी बोली या लोकांना कळत नाही, मग हसतात. तू नुसतं हसलीस तरी पुरे."

आणि त्या नुसत्या हसल्या. आयुष्यात ज्या बाईनं कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं, ती सकाळभर गादीच्या खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत होती. नमस्कार केला की हसायची, खुशाली विचारली की हसायची, सरबत हवं का विचारलं तरी हसायची. त्यामुळे तिला ते मिळालं नाही. नातू एकदा मांडीवर दिला, तेव्हा त्याच्याशी बोलण्यासाठी तोंड उघडलं, मुलाकडे पाहिलं आणि मिटलं. बोटानं त्याचा गाल तेवढा हलवत राहिल्या. त्यांना मुकं बसलेलं पाहणं मला सोसवेना. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

पाळण्याची वेळ झाली तेव्हा मला आत बोलावलं. बायकोनं आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगितलं. मग सासूबाईंच्या विहीणबाई, चांगल्या मनाची बाई होती ती, म्हणाल्या, "आता आजींनी पाळणा म्हणायचा. तुमच्या भागात फार गोड पाळणे असतात म्हणे."

सासूबाई उठायला लागल्या, तोच मुलगा म्हणाला, "आईचा घसा बसलाय. ती नाही म्हणणार."

त्या अर्ध्या उठलेल्या तशाच थांबल्या. मुलाकडे बघितलं. मग सावकाश पाळण्याकडे आल्या. मी दोरीच्या बाजूला उभा होतो. साऱ्या बायकांच्या देखत त्यांनी बोटं घालून वरची कवळी काढली, मग खालची काढली, आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवल्या. "धरा जवाईबापू. याच्यात गानं अडकते."

आणि त्यांनी पाळणा म्हटला. मोकळ्या, बोळक्या तोंडानं, खड्या आवाजात, आपल्या बोलीत. 'नीज माह्या धानाच्या लोंबा, तुले वारा लागन, तुले पाखरू खाईन' अशी काहीतरी त्याची सुरुवात होती. रोवणीच्या बायांचा सूर होता तो, चिखलातून चालत येतो तसा. दाराजवळच्या मुली फिसकन हसल्या. विहीणबाईंनी त्यांच्याकडे डोळे वटारले. बाळ टक लावून त्या पोकळ तोंडाकडे बघत होतं. मुलगा पाळणा संपायच्या आधी बाहेर निघून गेला आणि पंगतीत वाढायला लागल्यावर परत आला. आईच्या पानासमोरून तो दोनदा गेला. थांबला नाही.

निघताना फाटकाशी तो मला म्हणाला, "तुम्ही तरी आवरायचं होतं." मी काही बोलायच्या आत माझी बायको पुढे झाली. भावापुढे तिनं कधी मान वर केली नव्हती. म्हणाली, "दात तू देल्ले म्हून तोंड तुहं झालं का, दादा?" सासूबाईंनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे हात पसरला, कवळ्या घेतल्या, पदरानं पुसल्या आणि तोंडात घातल्या.

छोट्या रुळांच्या रेल्वेनं आम्ही नागभीडकडे निघालो. त्या खिडकीशी बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. मी मनात त्यांच्या भांडणाची वाट बघत होतो. मला द्याव्यात, लेकीला द्याव्यात, पण चार शिव्या त्यांनी द्याव्यात. त्यांनी दिल्या नाहीत. नागभीडला गाडी बदलली. नंतर कधीतरी, ब्रह्मपुरी मागे पडल्यावर, 'कट्' असा आवाज झाला. मला वाटलं त्यांनी सुपारी फोडली. त्यांनी तोंडात बोटं घातली आणि वरच्या कवळीचे दोन तुकडे बाहेर काढले. तोंडात दुसरं काहीही नव्हतं. नुसते दातांवर दात दाबून धरले होते, नागपूरपासून.

मी तुकडे हातात घेऊन पाहिले. सोनाराची तार शाबूत होती, गुलाबी पट्टा शाबूत होता. त्याच्या शेजारचं जुनं रबर तुटलं होतं.

"जोड धरला आहे, मामी," मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो. "बाजूचं तुटलं. परत करून घेऊ. वरोऱ्याला..."

"नको," त्या म्हणाल्या.

गाडी वैनगंगेच्या पुलावर आली. डब्यातल्या लोकांनी हात जोडले, काहींनी खिडकीतून नदीत पैसे टाकले. सासूबाईंनी माझ्या हातातले तुकडे घेतले, खालची कवळी काढली आणि सगळं खिडकीतून बाहेर टाकून दिलं. पलीकडच्या बाकावरच्या बाईला वाटलं, मोठा नवस फेडला. तिनं आदरानं यांनाही हात जोडले. यांनी तिच्याकडे पाहिलं आणि बोळकं तोंड उघडून म्हणाल्या, "काय पाह्यते वं? कधी बुढी नाई पाह्यली?" माझ्या बायकोनं तेव्हा हुंदका दिला. मला इतकं बरं वाटलं की त्या बाईची माफी मागायचंही सुचलं नाही.

त्यानंतर मुलानं बोलावलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्या पेज प्यायच्या, भात मऊ करून खायच्या, आणि बिनदातांनीही शिव्या स्पष्ट देता येतात हे त्यांनी गावाला दाखवून दिलं. मुलाचं नाव मात्र त्या कोणत्याच यादीत घेत नसत, ना टाकलेल्यांच्या, ना भांडणातल्यांच्या. कोणी विचारलं तर "बरा हाये," एवढंच.

तो आला एकदाच, काही वर्षांनी. सरकारी कामानं गडचिरोलीकडे निघाला होता, वाटेत जीप थांबवली. भर दुपार होती. कानाजवळ त्याचे केस पांढरे झाले होते, आणि आईच्या दारात तो परक्या घरी उभं राहावं तसा उभा होता. त्यांनी त्याला काही विचारलं नाही. सकाळीच ढिवरीण तलावातली मासळी देऊन गेली होती. त्यांनी चूल पेटवली. आम्हीही गेलो. तो खाटेवर बसून म्हणाला, नागपूरला चल, नवे दात करू, आता असे निघालेत की पडले तरी फुटत नाहीत. त्या चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "कायले बाप्पा. आता चावाचं काई राह्यलं नाई."

त्यांनी पान वाढलं आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. तलावातल्या त्या मासळीला काटे फार. त्या एकेक तुकडा उचलायच्या, दोन बोटांनी चाचपून काटा अन् काटा काढायच्या आणि मऊ मांस त्याच्या भाताच्या कडेला ठेवायच्या. "मी काढतो," तो म्हणाला. त्यांना ऐकू गेलं नसावं. तेवढ्यात त्यांनी पुढचा तुकडा ठेवला. मग तो मान खाली घालून जेवू लागला. त्याला कचेरीत साहेब म्हणणारी माणसं होती, घरी शाळेत जाणारा मुलगा होता, आणि तो काटे काढलेला घास उचलत होता, पुढच्याची वाट पाहत होता. सासूबाईंनी स्वतःसाठी त्यातला एकही तुकडा ठेवला नाही.

बाहेर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. तो उठला, पाया पडला, पुन्हा येतो म्हणाला. त्या अंगणापर्यंत आल्या. जीप तलावाच्या पाळीवरून वळली, धूळ उडाली, धूळ खाली बसली, तरी त्या तिथंच उभ्या होत्या. माशाचा हात अंगापासून लांब धरलेला, बोटांवर खवले वाळत चाललेले.

"मामी, हात धुवा," मी म्हणालो. "वाळला."

"धुईन जी. घाई कायची हाये," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. मग जरा वेळानं, "जेवला तं पोटभर."